डी अँड डी खेळताना ‘मी काय करतो’ हे सांगायचं कसं: या चुका टाळा

डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, या खेळात प्रत्येकजण एक पात्र (कॅरेक्टर) चालवतो आणि डीएम (डंजन मास्टर) गोष्ट आणि नियम सांभाळतो. एका सेशनमध्ये, म्हणजे एका बैठकीत, डीएमला तुम्हाला पुन्हा पुन्हा ‘म्हणजे नक्की काय करतोस?’ असं विचारावं लागत असेल, तर तुमच्या वाक्यातून काहीतरी गळतंय. कृती ऐकताना डीएमला दोन गोष्टी हव्या असतात: काय साधायचंय, आणि ते कशानं, कसं करताय. दोन्ही कळल्या की डाइस (फासा) टाकायचा की नाही, कुठला टाकायचा आणि डीसी (यशासाठी गाठायचा आकडा) किती, हे त्याला ठरवता येतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या टेबलावर मराठी, कन्नड आणि रूलबुकातलं इंग्रजी एकाच वाक्यात येतं. तिथे यातली एक गोष्ट राहिली तरी चटकन लक्षात येत नाही.

कृतीच्या जागी स्किलचं नाव

‘इन्व्हेस्टिगेशन टाकलं, सतरा आले.’ इन्व्हेस्टिगेशन हे शोध घेण्याचं स्किल, म्हणजे पात्राचं कौशल्य. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. समजा समोर पेटी आहे आणि तिच्या कडीत विषारी सुई लपवली आहे. कडीला हात लावणाऱ्याला ती टोचणार, दुरून बघणाऱ्याला नाही. सतरा या आकड्यावरून तुमचा हात कुठे होता हे डीएमनं कसं ओळखायचं? मग तो अंदाज करतो, सुई टोचते, आणि ‘मी हात लावलाच नव्हता’ यावर वाद सुरू होतो.

त्यापेक्षा असं सांगा: ‘पेटीला हात न लावता कंदील खाली धरते आणि कडीभोवती ओरखडे दिसतात का बघते.’ ओरखडे असतील तर डीएम तेवढ्यावरच ‘हो, दिसतात’ म्हणू शकतो. डाइसची गरजच उरत नाही. गरज पडली, तरी डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत डीसी १० सोपा, १५ मध्यम आणि २० अवघड धरतात. नेमकी पद्धत सांगितली असेल तर डीएम डीसी उतरवू शकतो किंवा ॲडव्हांटेज देऊ शकतो, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून मोठा आकडा घ्यायचा.

खेळ जांबोटीच्या रानासारख्या मुलखात असेल, तर नुसतं ‘ट्रॅक करतो’ म्हणून थांबू नका. ‘उघड्यावरचे ठसे पावसानं धुतले असतील, म्हणून दाट झाडीखाली आणि ओढ्याकाठच्या चिखलात शोधतो’ असं म्हणा. या मुलखाची तुमची माहिती तिथे थेट कामाला येते. आणि डीएमनं सांगितल्याशिवाय डाइस टाकू नका.

एक अपवाद आहे. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या अशाच दुसऱ्या खेळात कुठली ॲक्शन (तिथलं स्किल) वापरायची हे खेळाडूच ठरवतो, तर धोका किती आणि परिणाम किती हे जीएम (तिथला डीएम) सांगतो. तिथे ॲक्शनचं नाव घेणं बरोबरच आहे, पण पद्धत तिथेही सांगावीच लागते.

डाइसच्या आधीच निकाल

‘मी ओगरचं मुंडकं उडवलं!’ पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत ओगर या धिप्पाड राक्षसाची आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) ११ आहे आणि हिट पॉइंट (शून्यावर आले की पडतो) ५९. एका हातातली लाँगसोर्ड म्हणजे १डी८, आठ बाजूंचा एक फासा; त्यात स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) बोनसचे ३ धरले तर एका घावाचं नुकसान जास्तीत जास्त ११, आणि क्रिटिकल (दुप्पट फाशांचा घाव) लागला तरी १९. मुंडकं उडणं शक्यच नाही, आणि तुमचं जोरदार वाक्य वाया जातं. वर्तमानकाळात बोला आणि घाव पोचण्याआधी थांबा: ‘उडी घेऊन मानेवर वार करतो.’ पुढचं वर्णन डाइस पडल्यावर. शेवटचा हिट पॉइंट गेला की बरेच डीएम ‘कसा मारतोस ते सांग’ म्हणतात. मुंडकं तेव्हा उडवा.

खरा हेतू लपवणं

हे चांगले खेळाडूही करतात, आणि खेळाचं सगळ्यात जास्त नुकसान यानंच होतं. ‘तळघरात तेल आहे का? किती? जिना लाकडी आहे का? दार आतून लागतं का?’ असे सुटे प्रश्न विचारत डीएमला कोपऱ्यात गाठायचं आणि मग डाव टाकायचा. डीएमला फसवणुकीचा वास येतो, तो सावध होतो आणि नाही म्हणायला लागतो. शिवाय ‘तेल थोडंच आहे’ असं उत्तर त्यानं हेतू माहीत नसताना दिलेलं असतं. ‘पहारेकरी वर येऊ नयेत म्हणून मला जिना पेटवायचाय, त्याला लागणारं काय काय इथे आहे?’ असं सरळ विचारा. डीएम राक्षसांच्या बाजूनं बोलत असला, तरी तुमचा शत्रू नाही. हेतू कळला की तेल नसेल तिथे तो कोरडं गवत सुचवतो.

प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी जागा

डीएम म्हणतो, ‘बेळगावच्या किल्ल्यासारखा खंदक आहे.’ लगेच कुणाला भरलेला खंदक दिसतो, कुणाला कोरडा. कृती सांगण्याआधी रुंदी फुटांत विचारून घ्या, कारण त्यावर नियम अवलंबून आहे. १० फूट धावून लांब उडी मारली तर तुमच्या स्ट्रेंग्थच्या आकड्याइतके फूट पार होतात. उभ्यानं मारली तर निम्मे. स्ट्रेंग्थ १६ असेल आणि मागे धावायला जागा असेल, तर १५ फुटांचा खंदक डाइसशिवाय ओलांडता येतो. जागा नसेल तर ८ फुटांवर पाण्यात.

बोलण्याची कृती

पात्राचे संवाद नाटकासारखे म्हणता आले नाहीत तरी बिघडत नाही. ‘माझी कॅरेक्टर जमादाराला सांगते की आम्हाला सोडलंस तर चोरांचा अड्डा दाखवू’ एवढं पुरतं. पण आमिष काय आणि धमकी काय, हे सांगायलाच हवं. ‘पर्सुएड करतो’ (मन वळवतो) यात दोन्ही नाही.

लढाईत लांबण

एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, खेळातले ६ सेकंद. त्यात एक ॲक्शन, वेगाइतकी हालचाल (बहुतेक कॅरेक्टरसाठी ३० फूट) आणि असलीच तर एक बोनस ॲक्शन (जादाची छोटी कृती). चार खेळाडू आणि डीएम यांनी प्रत्येकी ३ मिनिटं घेतली, तर तुमची पाळी पुन्हा १२ मिनिटांनी येते, आणि तोवर लोक मोबाइल काढतात. आधीच्या खेळाडूची पाळी चालू असतानाच स्पेल (मंत्र) वाचून ठेवा. आपल्या पाळीला हालचाल, लक्ष्य आणि कृती या क्रमानं अर्ध्या मिनिटात सांगा. वर्णन एका वाक्याचं पुरे.

‘आपण सगळे आत घुसतो’ म्हणून दुसऱ्यांच्या कॅरेक्टरनाही ओढून नेऊ नका. ‘मी घुसतो, कोण येतंय?’ असं विचारा.

डीएमसाठी दोन गोष्टी

डाइसवर ४ आला म्हणून कसलेल्या लढवय्याच्या हातून तलवार निसटवू नका. ओगरनं सोटा मध्ये घातला, ओल्या दगडावरून पाय सरकला, असं कारण समोरच्यात किंवा जागेत शोधा. दर चुकीला हसं झालं की खेळाडू पुढच्या वेळी वर्णन करत नाही, नुसता आकडा सांगतो, आणि मग पहिली चूक परत सुरू होते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. एकजण ‘पंधरा’ म्हणतो, दुसरा ‘हदिनैदु’, तिसरा ‘फिफ्टीन’, आणि गोंगाटात कुणाचे तरी पन्नास ऐकू येतात. पात्रांचे संवाद मराठी, कन्नड, कोकणी, हव्या त्या भाषेत होऊ देत. डाइस आणि हिट पॉइंटचे आकडे मात्र कुठल्या भाषेत बोलायचे, ते पहिल्याच सेशनला ठरवून घ्या.