अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी: लग्न, आरोग्य विमा आणि टॅक्स क्रेडिट

लग्न डिसेंबरात पुण्याला, व्हिसा हातात एप्रिलमध्ये. आपल्याकडे हे नेहमीचंच. पण कंपनीच्या विम्यात जोडीदाराचं नाव घालायची मुदत विमानातून उतरल्यावर सुरू होत नाही, ती लग्नाच्या तारखेपासून मोजतात आणि बहुतेक ठिकाणी जेमतेम ३० दिवसांची असते. त्यामुळे जोडीदार भारतात असतानाच एचआरला कळवा आणि ‘इथे आल्यावर कधीपासून नाव घालता येईल’ याचं लेखी उत्तर मागून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर तयार ठेवा. सोशल सिक्युरिटी नंबरसाठी, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकासाठी, अडून बसू नका. एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्क परमिटशिवाय तो मिळत नाही आणि विमा सहसा त्यावाचून सुरू होतो.

मुदत हुकलीच, तर मार्केटप्लेसचा, म्हणजे स्वतःचा आरोग्य विमा विकत घ्यायच्या सरकारी बाजाराचा, रस्ता उरतो. परदेशातून राहायला आल्यावर तिथे ६० दिवसांची खास मुदत मिळते, लग्नानंतरही तेवढीच.

मार्केटप्लेसमधली सवलत, म्हणजे प्रीमियम टॅक्स क्रेडिट, घरातल्या माणसांच्या संख्येवर आणि एकत्रित उत्पन्नावर ठरते. २०२५ अखेर वाढीव सवलत संपली आणि जुनी मर्यादा परत आली: वर्षाचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर, म्हणजे चौपटीवर, एक डॉलर जरी गेलं तरी काहीच मिळत नाही. २०२६ साठी ही मर्यादा एकट्याला ६२,६०० डॉलर, दोघांना ८४,६००. दुप्पट नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. दोघं प्रत्येकी ५०,००० कमावत असतील, तर लग्नाआधी दोघंही पात्र. प्रत्येकाने उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे महिन्याला ४१५ डॉलर सोसायचे; त्यांच्या भागातला स्वस्ताईत दुसऱ्या नंबरचा सिल्व्हर (मधल्या दर्जाचा) प्लॅन त्याहून महाग असेल तर वरचा फरक सरकार भरतं. लग्न झालं की एकत्र १,००,००० होतात आणि क्रेडिट शून्यावर येतं. उलट ७०,००० कमावणाऱ्या एकट्याला काही मिळत नसतं, पण न कमावणाऱ्या जोडीदाराशी लग्न झालं की दोघं मर्यादेत बसतात.

मर्यादेच्या थोडं वर असाल तर ४०१-के (कंपनीतलं निवृत्ती खातं), ट्रॅडिशनल आयआरए (स्वतःचं निवृत्ती खातं) किंवा एचएसएमध्ये (औषधपाण्याच्या खर्चासाठीचं बचत खातं) पैसे भरून उत्पन्न खाली आणता येतं. २०२६ पासून मार्केटप्लेसचे ब्राँझ (कमी प्रीमियमचे) प्लॅन घेतले तरी एचएसएमध्ये पैसे भरता येतात. हा उपाय बरेच जण विसरतात.

लग्न झालेल्यांना क्रेडिट हवं तर जॉइंट रिटर्न, म्हणजे दोघांचा मिळून एकच टॅक्स रिटर्न, भरावाच लागतो. कौटुंबिक हिंसाचारासारखे मोजके अपवाद सोडले तर वेगवेगळा भरून चालत नाही. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित असाल तर अख्खं वर्ष विवाहित धरतात, मग लग्न नोव्हेंबरात का झालेलं असेना. आधीचे दहा महिने दोघांनी दरमहा वेगवेगळी आगाऊ सवलत घेतलेली असेल, तर ती फॉर्म ८९६२ वर (क्रेडिटचा वर्षअखेरचा हिशेब करायच्या फॉर्मवर) जास्तीची ठरू शकते. पूर्वी मध्यम उत्पन्नवाल्यांना परतफेडीला कमाल मर्यादा होती; २०२६ च्या टॅक्सपासून ती गेली, जास्तीचे सगळे पैसे परत करावे लागतात. म्हणून लग्न झाल्यावर ३० दिवसांत मार्केटप्लेसच्या खात्यात बदल नोंदवा. त्याच फॉर्मच्या भाग ५ मध्ये लग्नाच्या वर्षासाठी वेगळा हिशेब आहे, त्याने परतफेड कमी होऊ शकते. टॅक्स करणाऱ्याला तो आवर्जून करायला सांगा.

एकाच्या कंपनीचा विमा असेल तर वेगळा नियम लागतो. कुटुंबासाठी पगारातून कापली जाणारी रक्कम घरच्या उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांहून जास्त असेल, तर जोडीदाराला मार्केटप्लेसचं क्रेडिट मिळू शकतं. ८०,००० उत्पन्नाला हा आकडा महिन्याला ६६४ डॉलर. नोकरी करणाऱ्याची पात्रता मात्र फक्त त्याच्या एकट्याच्या विम्याच्या खर्चावर तपासतात.

एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२७. त्या दिवसापासून या व्हिसांवर क्रेडिट मिळणार नाही, ग्रीन कार्डवाल्यांना मिळत राहील. प्लॅन तेव्हाही विकत घेता येईल, पण पूर्ण किमतीला. तेव्हा २०२७ च्या खर्चाचा अंदाज क्रेडिट न धरताच काढा.