१८७० सालच्या पुणेकराला कपडे कसे घालावेत

नाटक १८७० च्या पुण्यातलं. भाड्याने आणलेलं गाठोडं सोडलं तर आत इलॅस्टिकची शिवलेली धोतरं, चकचकीत सॅटिनचे अंगरखे आणि शेतकऱ्यासाठी चक्क गांधी टोपी. १८७० साली गांधीजी पाळण्यात होते! तेव्हापासून कपडे मी स्वतःच जमवतो.

आधी माणूस ठरवा. ‘मराठी माणूस’ असा एक पोशाख तेव्हाही नव्हता. कारकून असेल तर धोतर, बाराबंदी किंवा अंगरखा, खांद्यावर उपरणं, बाहेर पडताना पगडी आणि पायांत लाल पुणेरी जोडा. कुणबी असेल तर लंगोटी किंवा आखूड धोतर, बंडी, मुंडासं आणि घोंगडी. १८८८ साली राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी, पुण्यात मेजवानी झाली, तिला जोतीराव फुले मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. भाषणाआधी कपडे बोलतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग शब्द तपासा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे आणि ती ऑनलाइन चाळता येते. दुकानदार सांगेल त्या कपड्याचं नाव तिथे शोधा. नाही सापडलं तर लगेच नाकारू नका, पण पैसे देण्याआधी थांबा.

फोटोंवर अर्धाच विश्वास ठेवा. स्टुडिओत माणूस ठेवणीतलं घालून बसायचा, त्यामुळे तो रोजचा पोशाख नव्हे. त्यापेक्षा बाजाराचे, घाटांचे फोटो मोठे करून पाहा. कोपऱ्यात पाठमोरा उभा असलेला हमाल फार उपयोगी पडतो: धोतर किती वर खोचलंय, पागोटं किती सैल आहे, हे त्याच्याकडूनच कळतं. कापडासाठी लंडनच्या इंडिया म्युझियमचे फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ साली तयार केलेले १८ खंड आहेत. त्यांत भारतभरच्या कापडांचे कापून चिकटवलेले ७०० खरे नमुने आहेत, पागोटी आणि धोतरंसुद्धा.

अस्सल कपडा मिळेल का? खरं सांगायचं तर जवळजवळ नाहीच. शेले, शाली, जरीचे अंगरखे पेटीत जपले गेले, म्हणून संग्रहालयांत तेच दिसतात. रोजचं धोतर मात्र विरलं की त्याचा पंचा व्हायचा, मग बाळोतं, मग हातपुसणं. उरलंसुरलं गोधडीच्या पोटात. म्हणून मी जुन्या बाजारात अंगरख्यापेक्षा फाटक्या गोधड्या आधी बघतो. अशाच एका गोधडीच्या उसवलेल्या कडेतून मला अर्धी बाही दिसली. हातशिलाईचा बारीक, थोडा वाकडा धावदोरा. काखेत हात मोकळा हलावा म्हणून जोडलेला चौकोनी तुकडा. आणि कापडाच्याच पट्टीचा, पीळ पडलेला एक बंद. तिचं वय कळलं नाही, पण बाही बेतायची कशी ते कळलं. घरात अशी गोधडी असेल तर बॅटरी घेऊन आत डोकवा, उसवू मात्र नका.

शेवटी शिवून घ्या. कोरा मांजरपाट आणा आणि शिवण्याआधी दोनदा धुवा, नाहीतर बाराबंदी पहिल्याच धुण्यात आटेल. कापड सुती आहे का, याची शंका असेल तर दोन धागे जाळा. सुताची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी. टिनोपॉलची, म्हणजे पांढरं चमकवणाऱ्या पावडरीची, झळाळी असलेलं पांढरं कापड टाळा. दिव्याखाली ते निळं मारतं आणि सगळं सोंग उघडं पडतं. माझा उपाय म्हणजे चहाच्या फिक्या पाण्यात एक बुडी.

आतल्या शिवणी मशीनवर मारल्या तरी चालतील, पण दिसणारी कड हातानेच दुमडा. बाराबंदीला बटण नको. बारा बंद, सहा गाठी. शिंपी ‘आत वेल्क्रो लावू का, पटकन निघेल’ असं विचारेलच, तेव्हा ठाम राहा.

धोतराला शिवण नको, अख्खं पान घ्या. आणि ते नटाला पंधरा दिवस आधी द्या. उकिडवं बसणं, जिना चढताना सोगा हातात धरणं, सुटू पाहणारा कासोटा चालता चालता खोचणं हे सगळं त्याच्या अंगात मुरायला तेवढे दिवस लागतातच.