चित्रपुस्तक मुलाबरोबर कसे वाचावे

मुलाला मांडीवर घेऊन चित्रपुस्तक वाचताना आपण मोठी माणसे बहुधा अक्षरांवरून बोट फिरवतो आणि मजकूर संपताच पान उलटतो. चित्र म्हणजे मजकुराची सजावट, ही समजूत आधी सोडावी लागते.

पॅट हचिन्स यांचे 'रोझीज वॉक' (१९६८) हे इंग्रजी पुस्तक घ्या. मजकूर एवढाच, की रोझी ही कोंबडी फिरायला निघते आणि अंगण, तळे, गवताची गंजी, गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असे सगळे पार करून जेवणाच्या वेळेला घरी परतते. चित्रात मात्र तिच्या मागावर कोल्हा आहे, आणि त्याचा उल्लेख मजकुरात एकदाही येत नाही. अंगणात तो झेप घेतो, पुढ्यात दाताळे पडलेले असते. पान उलटले की एकही शब्द नाही, फक्त दाताळ्याचा दांडा त्याच्या तोंडावर आदळलेला दिसतो.

म्हणून पान उघडल्यावर आधी मुलाला चित्र मनसोक्त पाहू द्यावे, मग मजकूर वाचावा आणि पुन्हा थांबावे. गोष्ट मराठीत सांगत असाल, तर "कोल्हा आला रे आला" असे स्वतःहून मुळीच म्हणू नये. वाचता न येणाऱ्या मुलाची नजर चित्रावरच असल्यामुळे तो त्याला बहुधा आपल्याआधी सापडतो, आणि तो शोध त्याचाच राहिला पाहिजे. "तुला काय दिसतंय?" असे विचारावे आणि उत्तर आले की "कशावरून?" असेही. रोझी डावीकडून उजवीकडे चालते, देवनागरी वाचतानाही नजर तशीच सरकते. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे ते उजव्या बाजूला शोधायला सांगावे, आणि पान उलटण्यापूर्वी अंदाज करू द्यावा.

दुसऱ्या वाचनात एकच प्रश्न पुरे आहे: कोल्हा मागे आहे, हे रोझीला ठाऊक आहे का? शब्द याचे उत्तर देत नाहीत. एक मूल तिला भोळी म्हणेल, दुसरे तिला पक्की बेरकी ठरवेल; दोघांनाही चित्रातली खूण दाखवायला सांगावी, पण निकाल आपण देऊ नये.

काही दिवसांनी हेच पुस्तक मुलाच्या हाती देऊन कोल्ह्याच्या बाजूने गोष्ट सांगायला सांगावी. कोल्ह्यासाठी छापलेला शब्द एकही नसल्यामुळे ते सगळे शब्द मुलालाच आणावे लागतात.