घोवावर संशय आला तर वाडीनं काय करायचं

राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी पोलीस पाटील होते. वय झालं तसं पद सुटलं, पण आजूबाजूच्या वाड्यांत कुठे बाई घरात मेलेली सापडली की अजून मला फोन येतो. पहिलं वाक्य बहुतेक तेच असतं, "घोवानंच मारलान तिला," म्हणजे नवऱ्यानेच मारलं. मी विचारते, पाहिलंस? "पायला नाय, पन दुसरा कोन असनार?"

हा प्रश्न काही वेडगळ नाही. संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे की २०२३ साली जगभरात सुमारे ८५ हजार बायका-मुलींचे खून झाले आणि त्यातले ५१ हजारांच्या आसपास नवऱ्याने, जोडीदाराने नाहीतर घरातल्याच कोणीतरी केले. पोलीस आधी नवऱ्याकडे बघतात ते उगाच नाही. तेव्हा संशय घेऊ नका असं सांगायला मी बसलेली नाही. त्या संशयाचं करायचं काय, तेवढं सांगते. वाडी भडकली की नवऱ्याच्या वकिलाचं काम सोपं होतं, हे मी कोर्टाच्या बाकावर बसून बघितलंय.

सुरुवात शेणापासून. घरातून प्रेत हललं की घर सारवून काढायचं ही आपली रीत. त्यात रक्त दिसलं की कोणालाच राहवत नाही, येणारी प्रत्येक म्हातारी केरसुणी शोधते. पंचनामा होऊन पोलीस "आता साफ करा" म्हणेपर्यंत केरसुणी नाही, बादली नाही, सारवण नाही. न्हाणीत पाणी ओतायचं नाही. वलणीवरचे ओले कपडे वलणीवरच राहू देत. चुलीतली राख काढू नका, चहा शेजारच्या घरी करा. बाईत जीव असेल अशी थोडी जरी शंका असली तर मात्र यातलं काही नाही, आधी १०८ ला फोन आणि तिला वाचवायची धडपड. मग ११२. पोलीस पाटलाला कळवा, कारण संशयास्पद मृत्यूची खबर देणं हे त्याचं कायद्याने ठरलेलं काम आहे, ती त्याची मर्जी नव्हे.

एक माणूस पुढच्या पायरीवर बसवा आणि एक मागीलदारी. मागीलदाराकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि आपल्याकडे निम्मी वाडी विहिरीच्या वाटेने तिथूनच आत येते. आत जाऊन आलेल्या प्रत्येकाचं नाव कागदावर घ्या, तुमचं स्वतःचंही. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर येऊन पुरावे गोळा करावेत, असं त्यात आहे. आपल्या घाटवळणांच्या रस्त्याने त्यांना वेळ लागणार. लागू दे. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते, म्हणून लग्नाची तारीख अंदाजाने सांगू नका, पत्रिका शोधून द्या.

आता मुख्य काम, आणि यात सगळे घसरतात. पोलीस जबाब घ्यायला यायच्या आत एकट्याने बसून वही काढा आणि पाहिलेलं, ऐकलेलं लिहा. एकट्याने म्हणतेय मी. ओटीवर दहाजणी बसून आठवायला लागल्या की संध्याकाळपर्यंत दहाजणींना एकच गोष्ट आठवते, आणि ती कोणीच पाहिलेली नसते.

"तो तिला नेहमी मारायचा" असं लिहू नका. कधी पाहिलंत? कुठे? तिच्या अंगावर वळ पाहिला की तिने सांगितलं? "गणपतीच्या आधी तिच्या डाव्या दंडावर काळंनिळं पाहिलं, विचारल्यावर म्हणाली गोठ्यात पडले" हे वाक्य साधं दिसतं, पण ते उलटतपासणीत टिकतं. "भांडणाचा आवाज आला" याच्यापेक्षा "दोन आवाज होते, एक तिचा, दुसरा पुरुषाचा, शब्द कळले नाहीत" हे चांगलं. पुरुषाचा आवाज नवऱ्याचाच होता हे नक्की ओळखलं असेल तरच नवऱ्याचा लिहा. वेळ घड्याळाची आठवत नसेल तर बनवू नका. वस्तीची एसटी आली त्याच्या आधी की नंतर, लाईट गेलेली होती का, देवळात आरती चालू होती का, एवढं सांगितलं तरी पोलीस वेळ काढतात. एसटीची नोंद डेपोत असते, लाईट गेल्याची महावितरणकडे.

पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही, कायद्यानेच ती घ्यायची नसते. पंचनाम्यावर पंचांची लागते. हा फरक ठाऊक असू दे, आणि कोऱ्या कागदावर तर कोणीही मागितली तरी सही करू नका. बायकांना, पंधराच्या आतल्या मुलांना आणि साठीच्या वरच्या माणसांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. आज जबाबात जे नाही ते दोन वर्षांनी कोर्टात सांगाल, तर समोरचा वकील एवढंच विचारेल, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?" तिथे चांगल्या चांगल्यांची बोबडी वळते.

रडण्याबद्दल. "डोल्यातना टिपूस नाय आला त्येच्या" हा वाडीचा सगळ्यात आवडता पुरावा. तो फार रडला तर "नाटक करतोय", दाढी केली तर "बघा, दाढी सुचते याला", आणि दुसऱ्या दिवशी कलमांना पाणी घातलं तर संपलंच. खाडीत बुडालेल्या पोराचा बाप जेटीवर बसून जाळं शिवताना मी पाहिलाय. त्याच्यावर कोणी संशय घेतला नाही, कारण तो बाप होता. माणूस कसा रडतो यावरून काही ठरत नाही, कोर्टात तर नाहीच. त्याच्या वागण्यातलं सांगण्यासारखं असतं ते वेगळं. त्याने पहिला फोन कोणाला केला, काय शब्दांत सांगितलं, तुम्ही पोचलात तेव्हा दार आतून लावलेलं होतं का, हाताला खरचटलेलं होतं का, सकाळी एक आणि दुपारी दुसरंच सांगितलंन का. तो तुमच्याजवळ काही कबूल करून बसला तर त्याचे शब्द तसेच्या तसे लिहा, सुधारून लिहू नका. पोलिसाजवळ दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, तुमच्याजवळची चालू शकते. म्हणूनच तिचं वजन संभाळा.

कौल लावायचा हट्ट निघणार. मानकरी जमतील, गुरवाला बोलावतील, पाकळ्या उजव्या-डाव्या मोजतील. देवावर माझी श्रद्धा आहे, गाऱ्हाणं मीही घालते. पण पाकळी डावी पडली म्हणून माणूस खुनी ठरवलात, तर उद्या तुमची खरी साक्षसुद्धा त्या पाकळीच्या हिशेबात जाते. वकील विचारतो, "कौलाच्या आधी तुम्हाला हे आठवलं होतं का?" गाऱ्हाणं घालायचंच असेल तर छडा लागू दे एवढंच घाला, नाव घेऊ नका.

मुंबईकर मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप हे दुसरं देऊळ. बोरिवली-नालासोपाऱ्यात बसलेली माणसं रात्रीत आरोपपत्र लिहून मोकळी होतात. ॲडमिन असाल तर प्रेताचे फोटो लगेच थांबवा आणि ग्रुप काही दिवस फक्त ॲडमिनसाठी ठेवा. मात्र मयत बाईने कोणाला मेसेज किंवा व्हॉइस नोट पाठवलेली असेल तर ती पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका, विकू नका, पोलिसांना सांगा. दुकानाचा सीसीटीव्ही थोड्या दिवसांत जुन्यावर नवं चढवतो, त्याचंही तपास अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा.

लोक म्हणतात, घरात दोघंच होती, साक्षीदार कुठून आणायचा? म्हणून गाव साक्षीदार तयार करतं. गरज नसते हो. जी गोष्ट एखाद्यालाच ठाऊक असणार तिचा खुलासा त्यानेच द्यायचा, असं पुरावा कायद्यात आहे, पूर्वी कलम १०६ होतं, आता १०९. घराच्या चार भिंतींत बायकोचा खून झाला आणि नवरा तिथे होता, तर त्याला खुलासा करावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलंय. पण तो तिथे होता हे आधी सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं, आणि तुमची वही उपयोगी पडते ती तिथे. १९८४ साली पुण्याच्या एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात त्याच न्यायालयाने नवऱ्याला सोडलं होतं. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याच्या जागी बसत नाही, हे त्या निकालात आहे. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे आहेत.

पोरांचं बघा. त्यांना कोणी "रात्री काय झालं रे?" विचारायचं नाही, मावशीनेसुद्धा नाही. दहा जणांनी विचारलं की पोर दहावं उत्तर देतं. आजोळी की बापाच्या आईकडे, यावर दोन्ही घरं हातघाईवर आली तर १०९८ ला फोन करा, बालकल्याण समिती ठरवेल.

नवऱ्याच्या आईशी बोलणं बंद करणं हा तुमचा खाजगी राग झाला. पण गावकीची बैठक बसवून विहीर बंद, दुकानात माल नाही, शिमग्यात पालखी त्या दारी नेणार नाही, असं ठरवलंत तर तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. असे ठराव वहीत लिहून खाली मानकऱ्यांच्या सह्या घेणारी गावं रायगडापासून खाली मी ऐकून आहे, म्हणजे आरोपीला पुरावा आपल्याच हाताने.

आणि तो जामिनावर परत आला तर? नव्वद दिवसांत आरोपपत्र गेलं नाही तर त्याला जामीन मागता येतो, तो काही सुटलेला नसतो. आदेशात तालुक्यात यायचं नाही, साक्षीदारांना भेटायचं नाही, अशा अटी असू शकतात. सरकारी वकिलांकडून त्या विचारून घ्या. बाजारात दिसला म्हणून अंगावर जाऊ नका, तुमच्यावर केस झाली की तुमची साक्ष दुबळी झाली. त्याने किंवा त्याच्या भावाने धमकावलं, साधं "बघून घेतो" म्हटलं तरी तारीख, जागा आणि शब्द लिहून पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती त्यावर ठरवते. अर्ज कसा करायचा ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात सांगतात, नाहीतर १५१०० वर विचारा. अर्जात मनात काय भीती वाटते ते कमी लिहा, काय घडलं ते जास्त.