घरच्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस घेताय? आधी हे करून ठेवा

अँटीव्हायरस कुठला चांगला हे शेवटी बघा. आधी घरातला कॉम्प्युटर कोण कोण वापरतं आणि कुठल्या अकाउंटमधून वापरतं ते बघा. बाबांचं नेट बँकिंग, आईचे सोसायटीचे हिशोब, मुलांचे गेम आणि प्रोजेक्ट, सुट्टीत आलेले भाचे, हे सगळं एकाच अकाउंटमधून चालत असेल तर ते अकाउंट जवळपास नक्की अ‍ॅडमिन म्हणजे मशीनवर काहीही बदलू शकणारं असणार, कारण नवीन मशीन चालू केल्यावर पहिलं अकाउंट अ‍ॅडमिनच तयार होतं आणि नंतर ते कोणी बदलत नाही. आमच्याकडे हेच राहून गेलं. पैसे देऊन तीन वर्षांचं पॅकेज घेतलं, अपडेट केलं, फुल स्कॅन मारला, आणि मग घरात कोणीतरी गेमचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता गेम चालवायची चोरटी फाइल, उतरवला. त्याच्यासोबतच्या टेक्स्ट फाइलमधे पहिलीच सूचना: आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर इन्स्टॉल होणार नाही. अ‍ॅडमिन अकाउंट, मग काय, दोन क्लिक आणि बंद. पुढे विकतचं काढून विंडोजचाच डिफेंडर चालू केला तर स्कॅन म्हणतोय काहीच सापडलं नाही, आणि खरं कारण म्हणजे एक्सक्लूजन्सच्या यादीत आख्खा सी ड्राइव्ह घातलेला! म्हणजे तिकडे बघूच नकोस असं त्याला सांगून ठेवलेलं.

म्हणून पहिलं काम, एक रुपया खर्च करायच्या आधी: सेटिंग्जमधे अकाउंट्सला जाऊन एक नवीन अकाउंट बनवा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड घाला, त्यात एकदा लॉगिन करून चालतंय ना बघा, आणि मगच रोजचं अकाउंट स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं, करा. क्रम उलटा करू नका, एकुलतं एक अ‍ॅडमिन अकाउंट स्टँडर्ड करायला गेलात तर विंडोज एकतर करू देत नाही, नाहीतर मशीनवर अधिकार असलेलं कोणीच उरत नाही. मग प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड अकाउंट. लहान मुलं असतील तर मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीतून त्यांचं अकाउंट जोडून घ्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड घरात एकाकडे, फार तर दोघांकडे, आणि मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको. स्वतः तुम्हीपण रोज स्टँडर्डमधेच बसा. काही इन्स्टॉल करायचं झालं की पासवर्डची खिडकी येते, तेवढ्या पाच सेकंदांचा कंटाळा करू नका, त्या पाच सेकंदांतच माणूस विचार करतो की हे नक्की काय आहे.

आता विंडोज कुठलं आहे बघा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीनला चालत असेल तर 11 वर जा, नसेल तर वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी करा. भारी अँटीव्हायरस घेऊन जुनं विंडोज तसंच ठेवणं चुकीचं. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, मे 2017 मधे पसरला, आणि तो ज्या भोकातून शिरायचा ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिला होता. अपडेट न घेतलेली मशीन्स सापडली. ब्राउझरपण अपडेट ठेवा, हे सांगायला नको.

मग निवड. विंडोज 10 आणि 11 मधे डिफेंडर आधीपासूनच असतो, फुकट, आणि बहुतेक घरांना तो पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदार नाही म्हणेल. एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन स्वतंत्र लॅब वेगवेगळ्या अँटीव्हायरसच्या चाचण्यांचे निकाल नियमित छापतात, ते फुकट वाचता येतात, ते बघा आणि मग ठरवा. विकतचं घ्यायचंच असेल, म्हणजे एकाच लायसन्समधे घरातले तीन-चार लॅपटॉप आणि फोन बसवायचेत, किंवा फोनवरून कोणाला तरी विचारता यावं असं वाटतंय, तर जरूर घ्या, आपल्या पुण्याच्या क्विक हीलपासून बाहेरच्या कंपन्यांपर्यंत भरपूर आहेत. फक्त पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका, रिन्यूअलची किंमत विचारा, ती पुष्कळदा जास्त असते. ऑटो रिन्यूअल चालू आहे का ते पैसे भरतानाच बघा. मशीन जुनं असेल, 4 जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क, तर आधी ट्रायल टाकून आठवडाभर वापरा, कारण मशीन रखडायला लागलं की घरातलं कोणीतरी ते वैतागून बंद करणार. आणि बंद करता येऊ नये म्हणून काय करायचं? स्टँडर्ड अकाउंट. शिवाय विकतच्या अँटीव्हायरसच्या स्वतःच्या सेटिंगला वेगळा पासवर्ड घालायची सोय बहुतेकांत असते, तीपण वापरा.

क्रॅक की टाकलेला अँटीव्हायरस नको. कोणी दिला तरी नको. दोन अँटीव्हायरस एकत्र नकोत, ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि मशीन झोपतं. नवीन लॅपटॉपवर ट्रायल आलेला असतो, तो वापरायचा नसेल तर आधीच काढा, नुसता अनइन्स्टॉल करून अवशेष राहतात, कंपनीचं रिमूव्हल टूल असतं ते चालवा. संपलेला ट्रायल तसाच ठेवणं सगळ्यात वाईट, आयकॉन दिसतो म्हणून घरच्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि नवीन व्हायरसची माहिती त्याच्यापर्यंत पोचतच नसते.

डिफेंडर ठेवणार असाल तर तीन गोष्टी बघा. टँपर प्रोटेक्शन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडर बंद करू न देणारं सेटिंग, चालू. रेप्युटेशनवाल्या भागात नको ती अ‍ॅप्स अडवायचं सेटिंग चालू, फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसोबत येणारा कचरा तिथे अडतो. आणि रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला फोल्डरमधल्या फाइली बदलू न देणारं सेटिंग, हे आपणहून चालू नसतं, फोटोंच्या फोल्डरसाठी चालू करा. कधी एखाद्या चांगल्या प्रोग्रामलाही ते फाइल सेव्ह करू देत नाही, तेव्हा तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी द्या. पण बघा, अ‍ॅडमिन अकाउंटवर बसलेला माणूस हे सगळं काही मिनिटांत उलटं फिरवू शकतो. कुलूप भारीतलं आणि किल्ली दारालाच लटकवलेली, असं होतं ते.

फायरवॉलसाठी, म्हणजे नेटवरून आत-बाहेर काय जातं त्यावर पहारा ठेवणाऱ्या प्रोग्रामसाठी, वेगळे पैसे नकोत. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल 2004 च्या एक्सपी सर्व्हिस पॅक 2 पासून आपणहून चालू येतो आणि घराला पुरतो. तो बंद कोण करतं? प्रिंटर दिसत नाही म्हणून आपणच, नाहीतर आपण बोलावलेला माणूस. वायफायचा प्रिंटर दिसत नसेल तर पुष्कळदा नेटवर्क पब्लिक म्हणून लागलेलं असतं, घरच्या वायफायला प्रायव्हेट करा, काम होतं. हॉटेल, स्टेशन, कॉलेजच्या वायफायला मात्र पब्लिकच ठेवा. एखादा प्रोग्राम फायरवॉलची परवानगी मागतो तेव्हा नाव वाचा, ओळखीचं नसेल तर कॅन्सल. स्टँडर्ड अकाउंट असेल तर परवानगी द्यायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, म्हणजे परत तेच. राउटरचा मूळ पासवर्ड बदला. राउटरमधे डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) म्हणून 1.1.1.3 आणि 1.0.0.3 घातलात तर क्लाउडफ्लेअर ही कंपनी मालवेअरच्या आणि अश्लील साइट अडवतं, फुकट.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह लावला की आधी स्कॅन, फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर एकावरही क्लिक करू नका. फाइलींची एक्सटेन्शन दिसतील असं सेटिंग करा, म्हणजे पीडीएफच्या नावामागे दडलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, दिसते. मराठी टायपिंगसाठी कुठल्यातरी साइटवरून सॉफ्टवेअर उतरवू नका, विंडोजमधे मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. घरातल्या मोठ्यांना समोर बसवून दोन गोष्टी दाखवा: ब्राउझरच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमधे व्हायरस' असं येतं ते बहुतेक वेळा साइटचं नोटिफिकेशन असतं, दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. आणि 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवा' म्हणत विंडोजचं बटण आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं तर ते पान तिथेच बंद करायचं, कारण या युक्तीत अँटीव्हायरसला चकवून माणसाच्याच हातून व्हायरस घालून घेतात.

बॅकअप: बाहेरची हार्ड डिस्क, कॉपी झाली की काढून ठेवा, लावून ठेवली तर रॅन्समवेअर तीपण खातो.

सगळं झालं की ईआयसीएआरची, म्हणजे अँटीव्हायरस चालतोय का बघायलाच बनवलेली, टेस्ट फाइल उतरवून बघा, ती निरुपद्रवी असते, अँटीव्हायरसने लगेच ओरडायला पाहिजे. रिन्यूअलची तारीख फोनच्या कॅलेंडरमधे. महिन्यातून एकदा एक्सक्लूजन्सची यादी उघडा, तुम्ही घातलेलं नसलेलं काही दिसलं तर काढा आणि फुल स्कॅन लावा. बँकेतून पैसे गेले तर आधी 1930 ला, म्हणजे सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, स्कॅन नंतर. बॉट (मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) वगैरे काढायची फुकट टूल्स सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर आहेत.

आणि अकाउंट स्टँडर्ड केलीत का? वाचून झाल्यावर नाही, आत्ताच उघडा सेटिंग्ज.