लोहा ओळीत जाण्याआधी: घरच्या गॅरेजच्या खरेदीची तयारी

नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरापुढे पत्र्याचं शेड आहे. त्यात कार, दोन दुचाक्या, बाबांची लोखंडी पेटी आणि कोपऱ्यात उभी केलेली फावडी-घमेली. बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत फिटर होते. ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली आणि पेटीमागोमाग घरची सगळी बारीकसारीक दुरुस्तीही. गेल्या सहा वर्षांत एकेक करून बरंच सामान घेतलं, त्यातलं काही चुकीचंही घेतलं. आता धाकटा भाऊ बेसाला स्वतःच्या घरात राहायला गेलाय. परवा त्याचा फोन आला, "ताई, रविवारी इतवारीत जाऊन राहिलो, गॅरेजसाठी काय काय घेऊ सांग." त्याला म्हटलं, इतवारीतल्या लोहा ओळीत, म्हणजे लोखंडी सामानाच्या बाजारात, या रविवारी जाऊ नको. आधी काय तयारी करायची ते सांगते. जे त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात वहीपासून करायची. आठ-दहा दिवस वही गॅरेजच्या दाराशी लटकवून ठेवायची आणि घरात जे काम अडेल ते तिच्यात लिहायचं. अवजाराचं नाव लिहायचं नाही, कामाचं लिहायचं. फाटकाची बिजागरी बसली आहे, गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट गळतो, पडद्याचा रॉड लावायचा आहे, मागे लिंबाचं रोप लावायचं आहे, असं. दहा दिवसांनी वही वाचली की दिसतं, चार-पाच अवजारं जवळजवळ प्रत्येक कामात येतात: पक्कड, पेचकस, टेस्टर, पाने, हातोडी, मेजपट्टी. यांच्यावर पैसे सोडायचे, चांगल्यातलं घ्यायचं. जे काम वर्षातून एकदा निघतं त्याचं यंत्र भाड्याने आणायचं. गवत कापायचं पेट्रोलवरचं यंत्र माझ्या भावाला फार हवं होतं, पण पंधराशे फुटांच्या प्लॉटवर घर बांधून उरलेल्या जागेतलं गवत इळ्याने तासाभरात निघतं.

वहीतच एक ओळ भिंतींबद्दल लिहून ठेवायची. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटा भरपूर मिळतात, नवीन घरं बरीचशी त्यांचीच असतात. त्या विटेत १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट धरणारा भाग) साधं इम्पॅक्ट ड्रिल आरामात जातं. कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये मात्र तेच ड्रिल नुसतं किंचाळतं आणि बिटाचं टोक निळं पडतं. तिथे रोटरी हॅमर लागतो. पंखा-झुंबराचे हूक आधीच टाकलेले असतील तर घरात स्लॅब फोडायची वेळ क्वचित येते, म्हणून हॅमर भाड्याचाच बरा.

आता ज्याच्यावर मी भावाशी अर्धा तास बोलले ते. यंत्रं घरात येण्याआधी गॅरेजमधली वीज नीट करून घ्यायची. बिल्डर गॅरेजमध्ये बहुतेक एक बल्ब आणि ६ अँपिअरचा एक सॉकेट देऊन मोकळा होतो. माझी चूक इथेच झाली. १८०० वॅटचा प्रेशर वॉशर आणला आणि घरातला जुना एक्स्टेंशन बोर्ड ओढून लावला. १८०० वॅट म्हणजे जवळपास ८ अँपिअर. बोर्डाची वायर बोटात धरली तरी बारीक असल्याचं कळेल अशी होती, पण मी पाहिलंच नाही. दहा मिनिटांत जळक्या प्लास्टिकचा वास आला. बटण बंद करून पिन ओढली तर ती सॉकेटला चिकटून आली. पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं, पितळेची पिन काळी. हात ओले, पाय ओले, खाली पाण्याचा ओघळ. त्या दिवशी काही झालं नाही हे नशीब.

म्हणून वायरमनला बोलावून गॅरेजमध्ये १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्यायचा, त्याला २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. त्याच्या जोडीला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवाच. बरेच जण म्हणतात, एमसीबी आहे ना, मग झालं. एमसीबी वायर वाचवतो. ती तापायला लागली की तो पडतो, पण माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात फार लहान असतो. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की आरसीसीबी क्षणात वीज तोडतो. त्याच्यावर चाचणीचं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, पडला तर जिवंत आहे.

आणि अर्थिंग. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्याभोवतीची माती अशी कोरडी झाली की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. नेमके त्याच दिवसांत घराघरांत कूलर चालू असतात, लोखंडी टप, पाणी आणि मोटार एकत्र. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर उन्हाळ्यात ऐकायला येते. तेव्हा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे बिल्डरला आत्ताच विचारून घ्या. अनेकदा त्याच्यावर फरशी घातलेली असते. उन्हाळाभर दर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता. ही तयारी फुकट आहे आणि सगळ्यात आधीची आहे.

एक्स्टेंशन लागलाच तर तीन तारांचा, १.५ चौरस मिमीचा, जाड पिनेचा घ्या. वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर निघत नाही.

विजेनंतर ऊन. बॅटरीवरचं ड्रिल घरच्या कामाला फार सोयीचं आहे, मी घेतलं त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण लिथियमच्या बॅटऱ्या चार्ज करायला बहुतेक कंपन्या ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा देतात. नागपुरात मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त. माझी पहिली बॅटरी एक अख्खा उन्हाळा शेडमधल्या फळीवर राहिली आणि जूनमध्ये चार स्क्रू आवळले की बसायला लागली. दुकानाने ती हमीत बदलून दिली नाही, माहितीपत्रकातली तापमानाची ओळ बोटाने दाखवली. ती ओळ मी आधी वाचायला हवी होती. म्हणून बॅटऱ्या आणि चार्जर ठेवायला घरातल्या एखाद्या थंड कपाटाचा खण आधीच रिकामा करा. पाण्याचा पाइपही उन्हात टाकून ठेवला तर दोन उन्हाळ्यांत तडकतो, त्याला सावलीत टांगायची खुंटी लागेल.

जमिनीवरची जागा मोजताना २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, कितीतरी घरांची तळमजल्यावरची यंत्रं चिखलात गेली. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण तेव्हापासून मोटार असलेलं काहीही मी जमिनीवर ठेवत नाही. दोन-अडीच फुटांवर लोखंडी कोनाची पक्की मांडणी करून घ्या, खाली फक्त घमेली, टिकाव आणि जॅक. बाबांनी प्लायच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा लाल रंगाने काढली होती. पाना जागेवर नसला की रिकामी लाल आकृती दुरूनच दिसायची. फळी आता उसवली आहे, रंग मात्र अजून ताजा वाटतो.

पाने घेताना डबल एंडचा, म्हणजे दोन्ही टोकांना तोंड असलेल्या पान्यांचा, आठ नगांचा संच पुरतो, ६-७ पासून २०-२२ पर्यंत. नाशिकला, सातपूरच्या एमआयडीसीत बनणाऱ्या तापडियाचे पाने बाबांच्या पेटीत होते, त्यांच्यावरचा क्रोम अजून गेला नाही. संच घेताना १२-१३ चा पाना हातात घेऊन बघाच, तो सगळ्यात जास्त लागतो. बाजारात सुटा मिळणारा ८ मिमी जाडीचा बोल्ट घेतला तर त्याला १३ चा पाना बसतो, पण मारुतीसारख्या जपानी घडणीच्या गाडीत त्याच ८ मिमीच्या बोल्टचं डोकं १२ चं असतं. १२ च्या डोक्याला १३ चा पाना लावून जोर केला की कोपरे गोल झालेच म्हणून समजा. मग तो बोल्ट काढायला मेकॅनिकची छिन्नी. गोटी पान्यांचा (सॉकेटचा) संच नंतर घेतला तरी चालेल.

गाडीसाठी २ टनांचा जॅक पुरे, पण त्याच्याबरोबर उचललेली गाडी टेकवायला जॅक स्टँडची जोडी घ्यायचीच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. जॅकमधलं तेल सील सुटल्यावर सांगून गळत नाही.

ग्राइंडरबद्दल मी आग्रही आहे. फाटकाची पट्टी कापायला, गंज घासायला ४ इंची ग्राइंडर फार कामाचा, आणि घरातल्या यंत्रांमध्ये सगळ्यात धोक्याचाही तोच. चकती विकत घेताना तिच्यावरचा फेऱ्यांचा आकडा वाचा. ४ इंची चकतीवर साधारण १५,००० च्या आसपास मर्यादा छापलेली असते, ७ इंची चकतीवर ८,५०० च्या. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११-१२ हजार फेरे फिरतो. म्हणजे गार्ड काढून त्यावर मोठी चकती बसवली तर ती तिच्या ताकदीपलीकडे फिरणार, आणि फुटली की तुकडे तोंडाकडे येणार. मधल्या धातूच्या कड्यावर बऱ्याचदा महिना-वर्षही कोरलेलं असतं. चकतीतला चिकटवणारा पदार्थ ओल धरून कमजोर होतो, म्हणून मुदत संपलेली चकती स्वस्तात मिळाली तरी नको. चष्मा दोन्ही बाजूंनी झाकणारा घ्या, तो यंत्राच्या आधी बिलात यायला हवा. हातमोजे माती आणि काटेरी कामासाठी. ड्रिल चालवताना ते काढायचे, फिरत्या बिटात कापड अडकलं की हात ओढला जातो.

अंगणाच्या अवजारांसाठी दुकानापेक्षा लोहार बरा. गाडीच्या कमानपाट्याच्या लोखंडाचं खुरपं आणि इळा धार धरून ठेवतात, पातळ पत्र्याचं खुरपं आपल्या मातीत पहिल्याच उन्हाळ्यात वाकतं. फावड्याचा दांडा डोळ्यासमोर आडवा धरून बघा: रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मधे गाठ नको. काळ्या मातीत भर उन्हाळ्यात खड्डा काढायचा तर सब्बल (पहार) आणि टिकाव दोन्ही लागतात, आणि भर पावसात फावड्याला किलोभर चिखल चिकटून येतो. वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की तीच माती सहज निघते. लिंबाचा खड्डा त्या दिवसांसाठी ठेवा.

शिडी घेण्याआधी दोरीने उंची मोजून जा, अंदाजाने नको. भिंतीला टेकवायच्या शिडीचा पाय दर ४ फूट उंचीला १ फूट भिंतीपासून दूर असावा, म्हणजे १२ फुटांवर चढायचं तर पाय ३ फुटांवर. शिडी थोडी जास्त लांब लागते ती याच्यामुळे. घराजवळून विजेच्या तारा जात असतील तर ॲल्युमिनियमची घेऊच नका.

खरेदीची वेळही ठरवा. कूलरचा पंप, बाजूच्या गवताच्या ताट्या, फ्लोट हे मार्चमध्येच. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागल्यावर दुकानात उभं राहायला जागा नसते आणि मिळेल ते घ्यावं लागतं. गंज रोखायचं तेल, ताडपत्री, गटार साफ करायचा बांबू जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, कारण महिन्याच्या मध्यावर पाऊस येतो.

लोहा ओळीत सकाळी दुकानं उघडता उघडता जा. खिशात वही, मेजपट्टी आणि घरून काढलेला जुना बोल्ट, जुना फ्लोट, झिजलेलं बिट. वस्तू समोर ठेवली की दुकानदारही नेमकं काढून देतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरमागच्या काकांनी विचारलं होतं, "ताई, घरच्या कामाले पाह्यजे का धंद्याले?" घरच्या कामाला, असं खरं सांगा. दिवसभर चालणारं महागडं यंत्र आठवड्यातून एकदा वापरायला लागत नाही. यंत्र तिथेच लावून चालवून बघा, हातात धरून, अर्धा मिनिट. खरखर आली किंवा चक डुगडुगला तर दुसरा नग मागा. त्याच मॉडेलच्या मोटारीतल्या कार्बन ब्रशची एक जोडी लगेच घ्या. दोन-तीन वर्षांनी यंत्र बंद पडतं ते बहुधा ब्रश झिजल्यामुळे, आणि तोवर मॉडेल बदललेलं असतं.

बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या. त्या बिलाचा आणि यंत्रावरच्या पट्टीचा फोटो दुकानाच्या पायरीवरच काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं आपल्या उन्हात वर्षभरात पुसट होतात. घरी आल्यावर नवीन पाने तेलाच्या फडक्याने पुसून फळीवर ठेवा आणि प्रत्येकाभोवती रंगाची रेघ ओढा. भावाला मी लाल रंगाचा डबा देणार आहे, बाबांच्या पेटीत अर्धा उरला आहे.