वजाबाकीच्या कृतिपत्रिकेत गणितं मिसळून द्या

हातच्याची वजाबाकी शिकवून झाली की बहुतेकदा पानभर हातच्याचीच गणितं दिली जातात. मुलं ती झटपट सोडवतात, पण हातचा केव्हा घ्यायचा हे त्यांना ठरवावंच लागत नाही. म्हणून एकाच पानावर ५२ − २७ आणि ५८ − २३ अशी दोन्ही प्रकारची गणितं उलटसुलट द्या. आठ-दहा पुरेत.

शेवटी एक मुद्दाम चुकवलेलं उदाहरण मात्र हवंच: ६४ − ३८ = ३४. इथे एककाच्या घरात आठातून चार वजा केले आहेत. नव्याने शिकणाऱ्यांची ही अगदी नेहमीची चूक. ‘काय चुकलं आणि का?’ हे मुलांना पूर्ण वाक्यात लिहू द्या. लेखनाचा सरावही त्यातच होतो. त्यासाठी खाली तीन-चार रेघा मोकळ्या ठेवा.